‘केदार’ या स्पॅनिश क्रियापदाविषयी वाचकांचे प्रश्न

स्पॅनिश भाषेसंबंधी या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच क्रियापदापाशी अडलेली दिसली, म्हणून हा संपूर्ण भाग त्या क्रियापदाला देत आहे. ते क्रियापद म्हणजे ‘केदार’ आणि त्याचे ‘से’ जोडलेले रूप ‘केदारसे’. हे ‘से’ कर्त्याप्रमाणे बदलते, ‘मी’साठी त्याचे ‘मे’ होते आणि ‘तू’साठी ‘ते’. स्पॅनिश वाक्ये येथे देवनागरीत लिहिली असून उच्चार लॅटिन अमेरिकेतील धरले आहेत. ज्या ठिकाणी शेवटच्या स्वरावरील आघात चुकल्यास क्रियापदाचे रूपच बदलते, त्या ठिकाणी ‘ऽ’ हे चिन्ह वापरले आहे. ‘केदो’ हे वर्तमानकाळातील ‘मी’चे रूप आहे, तर ‘केदोऽ’ हे भूतकाळातील ‘तो’ किंवा ‘ती’चे.

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिश शिकते आणि ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी१ या मधल्या पातळीची तयारी करते आहे. शब्दकोशात ‘केदार’समोर राहणे, उरणे, थांबणे, होणे, शोभणे, ठरवणे, असणे असे एकमेकांशी काहीही नाते नसलेले अर्थ दिले आहेत. यादी करून पाठ केली, तरी वाक्य समोर आले की नेमका कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही. हे क्रियापद शिकण्याची दुसरी काही रीत आहे का?

उत्तर : रीत आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला ती इतरांपेक्षा लवकर साधते असे माझे ठाम मत आहे. यादी बाजूला ठेवा आणि आपल्या ‘राहणे’ या क्रियापदाकडे एकदा नीट पाहा. ‘डब्यात दोन लाडू राहिले’, ‘किल्ली घरी राहिली’, ‘फोन करायचा राहिला’, ‘तो बघतच राहिला’, ‘नाव लक्षात राहत नाही’, ‘ती गरोदर राहिली’, ‘त्याचे दोन विषय राहिले’ ही सात वाक्ये परक्या माणसाला शिकवायची झाली, तर आपल्यालाही सात वेगळे अर्थ सांगावे लागतील, पण आपल्या मनात तो एकच शब्द असतो. काहीतरी घडून गेले, हलले, खर्च झाले किंवा बदलले, आणि त्यानंतर जे जसे आणि जिथे आहे ते सांगायचे, एवढेच त्या शब्दाचे काम असते. ‘केदार’चे कामही नेमके तेच आहे.

आता हीच वाक्ये स्पॅनिशमध्ये पाहा. ‘केदान दोस’ म्हणजे दोन राहिले. ‘से मे केदारोन लास यावेस एन कासा’ म्हणजे माझ्या किल्ल्या घरी राहिल्या. या वाक्यावर थोडे थांबावे असे मला वाटते, कारण त्याची घडण आपल्या वाक्याशी विलक्षण जुळते. विसरलेला माणूस दोन्ही भाषांत कर्ता होत नाही, कर्तेपद किल्ल्यांकडे जाते आणि क्रियापद किल्ल्यांप्रमाणे अनेकवचनी होते. विसरणाऱ्याचा उल्लेख आपण ‘माझ्या’ने करतो, स्पॅनिश माणूस ‘मे’ने करतो. पुढे, ‘केदा पोर आसेर’ म्हणजे करायचे राहिले आहे. ‘से केदोऽ मिरांदो’ म्हणजे तो बघत राहिला. ‘नो से मे केदान लोस नोंब्रेस’ म्हणजे नावे माझ्या लक्षात राहत नाहीत. ‘से केदोऽ एंबारासादा’ म्हणजे ती गरोदर राहिली. आणि स्पेनमधील विद्यार्थी नापास झालेल्या विषयांबद्दल बोलताना ‘मे आन केदादो दोस’ असे म्हणतो, तेव्हा तो आपल्याकडच्या विद्यार्थ्यासारखेच ‘माझे दोन राहिले’ म्हणत असतो. मार्च २०२० मध्ये साथ पसरली तेव्हा आपल्याकडे ‘घरीच राहा’ असे सांगितले जात होते आणि स्पॅनिशभाषक देशांत ‘केदाते एन कासा’ हे तीन शब्द भिंतींवर, दूरदर्शनवर आणि फोनच्या पडद्यावर झळकत होते.

शब्दाची व्युत्पत्तीही याच दिशेने जाते. ‘केदार’ आला आहे लॅटिनमधील ‘क्विएतारे’ या क्रियापदापासून, ज्याचा अर्थ शांत करणे, विसावणे असा होता. हालचाल थांबली की वस्तू जिथल्या तिथे राहते, यावरून पुढचे अर्थ फुटले. जुना अर्थ आजही पूर्ण गेलेला नाही. ‘केदो’ हे विशेषण ‘निश्चल’ किंवा ‘हलक्या आवाजातला’ या अर्थी साहित्यात भेटते आणि संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’ म्हणतात, म्हणजे रात्री लोकांनी रस्ते सोडून घरात जावे म्हणून दिला जाणारा घंटेचा इशारा.

मात्र ‘राहणे’ हा दरवाजा आहे, त्यातून आत गेल्यावर तो धरून ठेवायचा नाही. काही ठिकाणी तो हमखास फसवतो. ‘मी पुण्यात राहते’ याला ‘बिवो एन पुणे’ म्हणावे लागते. ‘मे केदो एन पुणे’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ‘मी पुण्यातच थांबते, पुढे येत नाही’ असे कळेल. ‘तो बोलतच राहिला’ याचा अर्थ जर ‘त्याने बोलणे थांबवले नाही’ असा असेल, तर ‘सिगिओऽ आब्लांदो’ हवे. ‘से केदोऽ आब्लांदो’ म्हणजे बाकीचे गेले, तो मात्र बोलत तिथेच थांबला. जागा सोडली की नाही हा प्रश्न ‘केदारसे’ विचारते, क्रिया सोडली की नाही हा प्रश्न ‘सेगिर’ विचारते. आणि ‘राहू दे’ या आपल्या रोजच्या उद्गाराला ‘केदार’ मुळीच चालत नाही, तिथे ‘देखालो’ म्हणतात, जे ‘देखार’ या क्रियापदाचे रूप आहे.

या ‘देखार’ची ओळख आताच करून घ्या, कारण तो ‘केदार’चा जोडीदार आहे. आपल्याकडे ‘ठेवणे’ आणि ‘राहणे’ यांचे जे नाते, तेच यांचे. कोणी काही ठेवले, सोडले, तशा स्थितीत आणले, तर ‘देखार’. आणि ते तसे राहिले, तर ‘केदार’. अपघाताने तिला विधवा केले, असे म्हणायचे तर ‘देखार’ येते, ती विधवा झाली, असे म्हणायचे तर ‘केदार’. पश्चिम स्पेनमध्ये, विशेषतः सालामांका आणि एस्त्रेमादुरा या भागांत, बोलताना या दोघांची सीमा पुसली जाते आणि लोक ‘मी किल्ल्या घरी ठेवल्या’ यासाठी ‘केदेऽ लास यावेस एन कासा’ असेही म्हणतात. ते त्या भागाचे बोलणे आहे, त्याला चूक म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ते लिहू नका.

प्रश्न : ‘केदार’ केव्हा आणि ‘केदारसे’ केव्हा, याचा नियम आमच्या नाशिकच्या शिकवणीत तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितला गेला. नक्की काय धरावे?

उत्तर : एकच नियम सगळ्या वाक्यांना लागू पडत नाही, म्हणून तीन शिक्षक तीन प्रकारे सांगतात, त्यांपैकी कोणीच चुकीचे नसावे. वाक्यात राहणारे कोण आहे, यापासून सुरुवात करावी.

वस्तू, वेळ, पैसा, जागा ‘राहते’ तेव्हा साधारणपणे ‘से’ लागत नाही. दूध उरले आहे, दहा मिनिटे उरली आहेत, स्टेशन जवळ आहे, सदरा सैल होतो, आमटी चांगली झाली, या सर्व ठिकाणी साधे ‘केदार’ येते. जेवणाबद्दल ‘ला पाएया ते आ केदादो मुय रीका’ असे म्हटले की ‘तुझी पाएया (भाताचा स्पॅनिश प्रकार) फार चविष्ट झाली आहे’ असा अर्थ होतो, आणि त्यातले ‘ते’ म्हणजे ‘तुझ्या हातून’. यजमानीणबाईंचे कौतुक करायला याहून चांगले वाक्य नाही, म्हणून ते तोंडात बसवून ठेवा. आधी पाहिलेले ‘से मे केदारोन’ हे याला अपवाद दिसते, पण तिथे वस्तू कोणाच्या तरी नकळत मागे राहिलेली असते आणि ती छटा ‘से मे’ ही जोडी आणते.

माणूस स्वतःहून कुठे थांबतो, तेव्हा ‘से’ हवे: ‘मे केदेऽ एन कासा’, मी घरीच थांबलो. माणसाची अवस्था बदलते, तेव्हाही बोलण्यात ‘से’ येते: ‘मे केदेऽ दोर्मिदो’ म्हणजे मला झोप लागली, ‘मे केदेऽ एन ब्लांको’ म्हणजे ऐनवेळी मला काहीच आठवेना, जे परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी म्हणावे लागते, ‘मे केदेऽ सिन दिनेरो’ म्हणजे माझ्याजवळचे पैसे संपले. लिखाणात आणि लॅटिन अमेरिकेतील बऱ्याच देशांत या अवस्थाबदलात ‘से’ गाळलेले दिसेल. वर्तमानपत्रात ‘केदोऽ बिउदा’ आणि घरात ‘से केदोऽ बिउदा’, दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ ती विधवा झाली.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘होणे’ हा अर्थ शब्दकोशात वाचून विद्यार्थी ‘केदारसे’ वाटेल तिथे वापरतात. स्पॅनिशमध्ये ‘होणे’ची कामे अनेकांत वाटलेली आहेत. घटकाभरापुरता राग, लाज, अस्वस्थपणा आला तर ‘पोनेर्से’. स्वभाव पालटला, माणूस गर्विष्ठ किंवा वेडा झाला तर ‘बोल्बेर्से’. प्रयत्नाने किंवा निश्चयाने कोणी वकील झाला, शाकाहारी झाला तर ‘आसेर्से’. ‘केदारसे’च्या वाट्याला मुख्यतः ती स्थिती येते जी एखाद्या घटनेनंतर शिल्लक राहते, आणि त्यात काहीतरी गमावल्याची स्थिती फार: आंधळा होणे, बहिरा होणे, टक्कल पडणे, पोरका होणे, नोकरी जाणे. दुसरा मोठा गट स्तब्धतेचा आहे: गप्प होणे, थिजणे, चकित होणे. या दोन गटांच्या बाहेर ‘केदारसे’ वापरण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. ‘तो घाबराघुबरा झाला’ याला ‘से पूसो नेर्बिओसो’ म्हणतात, ‘से केदोऽ नेर्बिओसो’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

आणि एक जोडी अशी आहे की तिच्यात ‘से’ला पर्यायच नाही. ‘केदारसे कोन’ म्हणजे ठेवून घेणे. टॅक्सीवाल्याला ‘केदेसे कोन एल कांबिओ’ म्हटले की सुटे पैसे तुम्हीच ठेवा असा अर्थ होतो. दुकानात चार वस्तू पाहून झाल्यावर ‘मे केदो कोन एस्ते’ म्हटले की दुकानदार ती वस्तू बांधायला घेतो. पण स्पेनमध्ये एखाद्या मित्राने ‘ते एस्तास केदांदो कोन्मीगो’ असे विचारले, तर तो ‘माझी थट्टा करतो आहेस का’ असे विचारतो आहे.

प्रश्न : मी ठाण्यात एका कंपनीत ग्राहक सेवेचे काम करते. आमचे ग्राहक स्पेन आणि मेक्सिको या दोन्ही देशांतले आहेत. त्यांच्या पत्रांत ‘केदामोस एन’, ‘केदामोस दे’, ‘केदो आतेंता’ असे सतत येते. उत्तर देताना मी त्यांचेच शब्द उचलते, पण समजून वापरते असे म्हणवत नाही. कृपया खुलासा करावा.

उत्तर : यांतले पहिले दोन प्रयोग ‘ठरणे’ या अर्थाच्या आसपासचे आहेत. बोलणी झाली, मागेपुढे झाले आणि शेवटी गोष्ट जिथे येऊन टेकली, ती जागा ‘केदार’ सांगते. ‘केदामोस एन वेर्नोस एल लूनेस’ म्हणजे सोमवारी भेटायचे असे आपले ठरले. ‘एन’ हे शब्दयोगी अव्यय सर्व देशांत चालते, म्हणून पत्रात तेच वापरावे असा माझा सल्ला आहे. ‘केदामोस दे वेर्नोस’ हे मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेतील इतर अनेक देशांत ऐकू येते, तिथे ते अगदी स्वाभाविक आहे, पण माद्रिदच्या माणसाला ते खटकेल. ‘एन के केदामोस’ असे कोणी विचारले, तर ‘मग शेवटी ठरले काय’ असा प्रश्न आहे, आणि आवाज जरा चढलेला असेल तर त्यात ‘मघाशी एक बोललात, आता दुसरे बोलता’ अशी तक्रारही असते. ग्राहकाच्या तोंडून हे वाक्य आले तर सावध व्हावे.

स्पेनमध्ये ‘केदार’ एकटेच आले, तरी भेट ठरणे हा अर्थ निघतो. ‘एमोस केदादो आ लास ओचो’, आमचे आठला भेटायचे ठरले आहे. कोणी तुम्हाला जेवायला बोलावले आणि तुम्ही ‘ए केदादो’ एवढेच म्हणालात, तर ‘माझे दुसरीकडे जायचे ठरलेले आहे’ हे त्याला पूर्ण कळते. येथे ‘से’ची चूक फार महागात पडू शकते. ‘ए केदादो कोन आना’ म्हणजे आनाला भेटायचे ठरवले आहे. ‘मे ए केदादो कोन आना’ म्हणजे मी आनाबरोबर थांबलो, किंवा प्रसंग तसा असेल तर दोघींमधून मी आनाची निवड केली. मुलाखतीसाठी आलेल्या उमेदवारांबद्दल बोलताना हे दुसरे वाक्य रोज वापरले जाते.

पत्राच्या शेवटी येणारे ‘केदो’ वेगळे आहे. ‘केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’ म्हणजे आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. ‘केदो आ सु दिस्पोसिसिओन’ म्हणजे आपल्या सेवेस तत्पर आहे. लॅटिन अमेरिकेतील कार्यालयांत ‘केदो आतेंता आ सुस कोमेंतारिओस’ याची चलती आहे. आपले म्हणणे सांगून झाले, आता पुढचे पाऊल तुमचे, असा त्यातला भाव आहे आणि तो सभ्य आहे. लक्षात ठेवण्यासारखी बाब एवढीच की ‘आतेंता’ हे स्त्रीने स्वतःसाठी लिहायचे रूप आहे, पुरुषाने ‘आतेंतो’ लिहावे. सहकाऱ्याच्या पत्रातून मजकूर उचलताना ही ‘आ’ आणि ‘ओ’ची अदलाबदल करायची राहून जाते आणि वाचणाऱ्याच्या नजरेला ती ताबडतोब खुपते.

प्रश्न : ‘केदार’ आणि ‘फाल्तार’ या दोन्हींचे भाषांतर मराठीत ‘बाकी असणे’ असे होते. मग फरक काय? (कोल्हापूर)

उत्तर : वर्गाच्या दारात उभे राहून पाहा. ‘केदान दोस आलुम्नोस’ म्हणजे बाकीचे गेले, दोन विद्यार्थी अजून आत आहेत. ‘फाल्तान दोस आलुम्नोस’ म्हणजे दोन विद्यार्थी आलेलेच नाहीत. एकात दोघे डोळ्यांसमोर आहेत, दुसऱ्यात दोघांची जागा रिकामी आहे. ‘बाकी’ हा आपला शब्द हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजूंना चालतो, हातात असलेली बाकी आणि देणे असलेली बाकी, म्हणून आपला गोंधळ होतो.

वेळेच्या बाबतीत मात्र दोन्ही क्रियापदे जवळ येतात. गाडी सुटायला पाच मिनिटे आहेत, हे दोन्हींनी सांगता येते; ‘केदान’ म्हटले की हाती असलेल्या पाच मिनिटांकडे लक्ष जाते, ‘फाल्तान’ म्हटले की गाडीच्या वेळेपर्यंतच्या अंतराकडे. याच कुटुंबातले तिसरे क्रियापद ‘सोब्रार’ हे गरजेपेक्षा जास्त असण्यासाठी आहे. पंगत उठल्यावर भात नुसता उरला असेल तर ‘केदार’, सगळे पोटभर जेवूनही भांडेभर जास्तीचा झाला असेल तर ‘सोब्रार’.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे. आमच्या आजीला पोर्तुगीज उत्तम येते आणि ती ‘फिकार’ हे क्रियापद असेच सर्वत्र वापरते. ‘फिकार’ आले म्हणजे ‘केदार’ आले, असे मानावे का?

उत्तर : आजीला विचारून अभ्यास करण्याची संधी तुम्हाला आहे, ती सोडू नका, कारण अर्ध्याहून जास्त वाट ती तुम्हाला नेऊन सोडेल. घरी थांबणे, वस्तू ठेवून घेणे, गाव कुठे आहे हे सांगणे, कपडा शोभणे, या सर्वांना पोर्तुगीजमध्ये ‘फिकार’ आणि स्पॅनिशमध्ये ‘केदार’ किंवा ‘केदारसे’ येते. एखादी गोष्ट करण्याचे कबूल करणे यासाठी पोर्तुगीज ‘फिकार दे’ वापरतात, आणि लॅटिन अमेरिकेतील जे ‘केदार दे’ आपण वर पाहिले ते त्याच्या फार जवळचे आहे. दोन्ही शब्दांचे मूळ मात्र वेगळे आहे. ‘फिकार’च्या मुळाशी रोवणे, घट्ट बसवणे हा अर्थ आहे, ‘केदार’च्या मुळाशी शांत होणे. दोन वेगळ्या वाटांनी निघून दोन शेजारी भाषा एकाच जागी पोहोचल्या, हे मला फार सुंदर वाटते.

आजीचे बोट सोडायचे ते ‘होणे’च्या वळणावर. पोर्तुगीजमध्ये आजारी पडणे, रागावणे, अस्वस्थ होणे, आनंदित होणे, सगळे ‘फिकार’ने होते. स्पॅनिशमध्ये यांपैकी बहुतेक ठिकाणी ‘पोनेर्से’ लागते. आजारी पडण्याला स्पेनमध्ये ‘पोनेर्से एन्फेर्मो’ म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत ‘एन्फेर्मार्से’ असे स्वतंत्र क्रियापद वापरतात. दुसरी गोष्ट ‘से’ची. पोर्तुगीज ‘फिकार’ ‘से’शिवाय भागवते, त्यामुळे पोर्तुगीजवरून येणारा विद्यार्थी ‘केदेऽ एन कासा’ असे म्हणून मोकळा होतो. त्याने ‘मे केदेऽ एन कासा’ म्हणायची सवय आरंभापासूनच लावून घ्यावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत कपड्यांच्या दुकानात काम करते. आमच्याकडे मेक्सिकन गिऱ्हाइके पुष्कळ येतात. एक बाई घागरा घालून पाहून आल्या आणि ‘नो मे केदा’ म्हणाल्या. मला वाटले, त्यांच्याजवळ पैसे उरले नाहीत. मी किंमत कमी करण्याची गोष्ट काढली, तर त्या गोंधळल्या. माझे काय चुकले?

उत्तर : तुम्ही लावलेला अर्थ दुसऱ्या प्रसंगी बरोबर ठरला असता. ‘नो मे केदा’ हे वाक्य कोण म्हणतो आणि हातात काय धरून म्हणतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. गिऱ्हाइकाने कपडा घालून पाहिल्यावर म्हटले, तर ‘हा मला बसत नाही’. दुकानदाराने फळीकडे पाहून ‘या नो मे केदान’ असे म्हटले, तर ‘संपले, आता शिल्लक नाहीत’. पैशांबद्दल बोलायचे असते तर त्या बाईंनी ‘नो मे केदा दिनेरो’ असे वस्तूचे नाव घेऊन सांगितले असते. तीनही वाक्यांत कर्ता वस्तूच आहे आणि माणूस ‘मे’मध्ये, म्हणजे आपल्या ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’मध्ये आहे. ‘मला घागरा होत नाही’, ‘माझ्याकडे पैसे उरले नाहीत’ अशी वाक्ये आपण लहानपणापासून बोलतो, त्यामुळे ही घडण मराठी माणसाला शिकावी लागत नाही, फक्त ओळखावी लागते.

तुमच्या कामासाठी काही वाक्ये देते. ‘कोमो ले केदा’ म्हणजे ‘तुम्हाला कसा बसतो’. यातले ‘ले’ आदराचे आहे, गिऱ्हाइकाशी तेच वापरावे. उत्तरात ‘मे केदा चीको’ आले तर कपडा लहान होतो आहे. स्पेनचा माणूस असेल तर तो ‘पेकेन्यो’ म्हणेल. ‘मे केदा ग्रांदे’ म्हणजे मोठा होतो. विशेषण कपड्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून ‘फाल्दा’ या घाग‍ऱ्याच्या शब्दाबरोबर ‘चीको’चे ‘चीका’ होईल. रंग शोभतो आहे असे सांगायचे तर ‘ले केदा मुय बिएन’, आणि येथे ‘बिएन’ कधीच बदलत नाही.

रस्ता विचारतानाही तुम्हाला हेच क्रियापद ऐकू येईल. ‘दोंदे केदा ला एस्तासिओन’, स्टेशन कुठे आहे? ‘मे केदा लेखोस’, मला ते लांब पडते. पाहा, येथे आपण ‘पडते’ म्हणतो. एवढे मात्र पाळावे की जागा सांगणारे ‘केदार’ फक्त न हलणाऱ्या गोष्टींना लागते. स्टेशन, गाव, दुकान, डोंगर यांना चालेल. चष्मा कुठे आहे किंवा मुलगा कुठे आहे, असे विचारायचे असेल तर ‘दोंदे एस्ताऽ’ म्हणावे.

प्रश्न : मी कायदेविषयक कागदपत्रांचे भाषांतर करतो. स्पॅनिश कायद्यांत कलमाची सुरुवात वारंवार ‘केदा’ने होते. तेथे ‘राहणे’ बसत नाही. काय लिहावे? (मुंबई)

उत्तर : तेथे ‘केदा’पुढे भूतकालवाचक विशेषण येते आणि दोन्ही मिळून ‘या क्षणापासून हे असे झाले’ असे जाहीर करतात. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेतील पंधराव्या कलमात ‘केदा आबोलिदा ला पेना दे मुएर्ते’ असे शब्द आहेत, म्हणजे मृत्युदंड रद्द करण्यात आला आहे. पुढे युद्धकाळातील लष्करी कायद्यांचा अपवाद जोडलेला आहे. ‘एस आबोलिदा’ किंवा ‘एस्ताऽ आबोलिदा’ असेही व्याकरणाने लिहिता आले असते, पण पहिल्यात क्रियेचे वर्णन झाले असते आणि दुसऱ्यात नुसती स्थिती सांगितली गेली असती. ‘केदा’ लिहिल्यामुळे त्या वाक्यानेच शिक्षा रद्द होते आणि ती रद्द झालेली राहते. मराठीतील सरकारी अधिसूचनांत ‘याद्वारे … करण्यात येत आहे’ ही जी ठरलेली घडण आहे, ती या जागी नेमकी बसते, म्हणून तीच वापरावी. सभा सुरू झाल्याचे, प्रदर्शनाचे उद्घाटन झाल्याचे, कोणाला अटक केल्याचे जाहीर करतानाही हाच प्रयोग होतो.

भाषांतर करताना विशेषणाचे लिंग आणि वचन तपासत जा, कारण लांबलचक कायदेशीर वाक्यात ‘केदा’चा कर्ता शेवटी येतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा दुवा तेवढाच असतो. ‘केदा आबोलिदा’ दिसले की पुढे स्त्रीलिंगी एकवचनी नाम येणार, ‘केदान आबोलिदोस’ दिसले की पुल्लिंगी अनेकवचनी, हे आधीच कळते. फलकांवरच्या मजकुरात ही अडचण नसते. ‘केदा प्रोइबिदो फुमार’ याला ‘धूम्रपानास मनाई आहे’ एवढे पुरे. ‘सक्त’ हा शब्द मूळ मजकुरात ‘तेर्मिनान्तेमेंते’ असेल तरच घालावा.